निळ्या फुलाला खत नको

रविवार, ९ तारीख, दुपारी

ती. ताईस,

वाकून नमस्कार. मी बरा आहे. पोट ठीक, झोप ठीक, अंगठ्याची ठेच कधीच भरली. जेवलोय. हे सगळं मुद्दाम आधी लिहिलं, कारण फोनवर तू एवढंच विचारतेस आणि मी पुढचं काही बोलायच्या आत "ठेवते, मशीन थांबलंय" म्हणून ठेवून देतेस. म्हणून पत्र. पत्र मध्येच ठेवून देता येत नाही. म्हणजे येतं, पण मला कळणार तरी नाही.

अक्षराला हसू नकोस. शाळा सुटली तेव्हा होतं तेवढंच आहे, माझ्याबरोबर वाढलं नाही.

तू मागच्या फोनवर विचारलंस ते माझ्या लक्षात आहे. घरमालक घराचा नवा करार करायला मागे लागलाय. मागची खोली ठेवायची का, मी परत कधी येतोय, ते एकदाचं सांग म्हणालीस. मी तेव्हा "बघू" म्हटलं आणि तूही "बघ" म्हणालीस. त्याचं उत्तर या पत्रात आहे, शपथ. पण आधी फुलांचं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय मला दुसरं काही सुचणारच नाही.

फुलं आली, ताई!

निळी. पण आभाळासारखी निळी नाहीत, शाईची बाटली सांडल्यावर फरशीवर दिसते तसली निळी. देठ काडीसारखा, वर एकेक फूल, आणि पाकळ्यांच्या कडा कातरलेल्या, तू कापडाची कड उसवू नये म्हणून त्या दातेरी कात्रीने कापतेस ना, अगदी तशा. नर्सरीच्या मागचा अख्खा पट्टा भरलाय. सकाळी मी कुदळ घ्यायला गेलो आणि कुदळ न घेता तिथेच उभा राहिलो. झारीकाका मागून आले. हे आमचे पाणी घालणारे, झारी हातात नसेल तर त्यांना चालताच येत नाही, म्हणून नाव पडलं. ते म्हणाले,

"आली की रे तुझी पोरं!"

मी बाहीने तोंड पुसलं.

"रडतोस काय लेका?"

"माती गेली डोळ्यात."

"दोन्ही डोळ्यांत एकदम?"

"हो."

"वाऱ्याची कमाल आहे," म्हणाले आणि झारी डोलवत निघून गेले.

आता तू म्हणशील, चार फुलं आली तर एवढं काय. तर ऐक. मागच्या वर्षी या फुलांचा मी पार सत्यानाश केला होता.

बाईंनी, म्हणजे नर्सरीच्या मालकीणबाईंनी, मला दोन कामं दिली होती. एक काचघरातलं, जायफळाची रोपं. दुसरं बाहेरचं, हा निळ्या फुलांचा पट्टा. फुलाचं खरं नाव पाटीवर लांबलचक लिहिलंय, मला वाचता येत नाही, आम्ही त्याला निळू म्हणतो. त्याचं बी गोळा करून रस्त्याकडेच्या उतारांवर टाकायला जातं.

जायफळाचे लाड तू बघायला हवे होतेस. त्याचं बी आलं की लगेच पेरायचं. टेबलावर ठेवून चहाला गेलं आणि तसंच विसरलं तर सुकून मेलंच समज. वाटेतसुद्धा ते ओल्या भुशात गुंडाळून येतं, नवजात बाळासारखं. माती पालापाचोळा कुजवून केलेली, काळीभोर, हाताला मऊ. ऊब हवी, दमटपणा हवा, वारा नको, ऊन नको, डोक्यावर जाळी. पाणी रोज, पण साचलं की मुळं कुजली. बाई रोज सकाळी येऊन प्रत्येक कुंडीत बोट खुपसतात, आणि चेहरा असा करतात की भाजीत मीठ कमी पडलंय का बघतायत.

आणि निळू? त्याचं बी पत्र्याच्या डब्यात, फडताळात, कितीही दिवस. कोणी विचारत नाही. थंडीच्या तोंडावर मातीवर नुसतं फेकायचं, वर माती लोटायची नाही, पायाने दाबायचं, झालं. थंडी खाल्ल्याशिवाय ते उगवतच नाही म्हणे. पाणी नाही, खत नाही, जाळी नाही.

मला त्याची फार दया आली, ताई. मी म्हटलं, एकाच घरातली दोन लेकरं, एकाला गादी-उशी आणि एकाला उघडी फरशी. हा कुठला न्याय? म्हणून एका सुट्टीच्या दिवशी, कोणी नसताना, जायफळासाठी केलेली ती काळी माती मी गाड्या भरभरून पट्ट्यावर नेऊन पसरली. वरून पाणी दिलं. मग रोज दिलं, चोरून. रात्री बरं वाटायचं, आपण कोणाचं तरी भलं केलं म्हणून.

निळूच्या आधी गवत उठलं. कमरेएवढं. त्यात खाजरी, त्यात काटेरी, त्यात ज्यांची नावं कोणालाच माहीत नाहीत अशी झुडपं. निळू कुठेतरी मध्ये होता, नुसता पानांनी फुगलेला, देठ इतके लुसलुशीत की स्वतःच्याच वजनाने आडवे पडले. फूल एक नाही.

बाई येऊन उभ्या राहिल्या.

"हे कोणी केलं?"

"मी."

"का?"

"त्याला कोणी काहीच देत नव्हतं."

बाई ओरडतील असं वाटलं होतं. ओरडल्या नाहीत. खाली वाकल्या, गवतातून निळूचं एक रोप शोधून काढलं आणि म्हणाल्या, "याला काही नको होतं असं नाही. याला मोकळी जागा हवी होती. तू गवताला जेवायला बसवलंस." आणि जाता जाता, "उद्या सकाळी ऑफिसात ये."

तुला माझ्या आधीच्या नोकऱ्या माहीत आहेत. वीटभट्टी, मग ते हॉटेल, मग मासळीचं गोदाम, मग पार्सलची गाडी. "उद्या ऑफिसात ये" म्हणजे काय ते मला चांगलं कळतं. खरं सांगायचं तर तसं कोणी म्हणायच्या आतच मी निघालेला असायचो. या वेळीही तेच केलं. पिशवी भरली. आणि नशिबाने म्हण की काय, त्याच दुपारी आपल्या गल्लीतले ट्रकमामा कुंड्या घेऊन आले होते. रिकामा ट्रक परत आपल्याच गावाला निघाला होता. मी जाऊन त्यांच्या शेजारी बसलो.

हे तुला माहीत नाही. मामांना मी सांगू नका म्हणून बजावलं होतं, आणि त्यांच्या पोटात एवढी एक गोष्ट राहिली हे आश्चर्यच.

आता पुढचं लिहायचं तर बूड स्थिर राहत नाहीये. जरा फिरून येतो.

संध्याकाळी

आलो. पट्ट्याला दोन चकरा मारल्या. फुलं संध्याकाळी जरा मिटल्यासारखी होतात.

तर मामांनी विचारलं, "कुठे, भाच्या?"

"घरी."

"कायमचा?"

"बघू."

"चला! सुटली बिचारी."

"कोण?"

"कोण म्हणजे? ताई तुझी!" आणि मग गाडी चालू करता करता, पान लावावं तितक्या सहज, त्यांनी मला सगळं सांगितलं. की शेजारच्या शहरातल्या त्या मोठ्या नाट्यगृहाला तू एक कोट शिवून दिलास. की तिथल्या कपडेखात्याच्या बाई तो कोट हातात घेऊन स्वतः तुझ्या दारात आल्या. की त्यांना तू तिथे हवी होतीस, मुख्य कटिंगला, हाताखाली माणसं, राहायला खोली. आणि तू नाही म्हणालीस.

"का नाही म्हणाली?"

"वा, म्हणजे तुला माहीतच नाही? अरे, ती सगळ्यांना सांगते, माझा भाऊ न सांगता उगवतो, आणि दाराला कुलूप दिसलं तर आल्या पावली परत जाईल." मामांनी हे अगदी कौतुकाने सांगितलं. "अशी बहीण मिळायला भाग्य लागतं!" मग ते टायरबद्दल बोलायला लागले. नवीन टायर कसे पूर्वीसारखे राहिले नाहीत वगैरे.

मी पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"मामा, थांबवा."

"काय विसरलास?"

"उतरतो."

"अरे, अजून फाटकसुद्धा ओलांडलं नाही!"

"बरंच झालं. चालत परत जायला जवळ."

मामा म्हणाले, तुझं डोकं तपासून घे. मी उतरलो.

त्या वेळी मी घरी आलो असतो ना ताई, तर तू खूश झाली असतीस. पंधरा दिवस मला खाऊ-पिऊ घातलं असतंस. मग मी खिडकीत उभा राहायला लागलो असतो, तू ओळखलं असतंस, आणि एका सकाळी मी नसतो. आणि तू परत ते दार उघडं ठेवून शाळेच्या पोरांचे गणवेश शिवत बसली असतीस. हे मला त्या ट्रकमध्ये, टायरचं ऐकता ऐकता, पहिल्यांदा कळलं. त्याच दिवशी तुला फोन करून सांगायला हवं होतं की जा. पण कुठल्या तोंडाने सांगणार? तू म्हणाली असतीस, बरं, मग तू राहणार आहेस का तिथे? आणि मी म्हणालो असतो, बघू.

म्हणून ठरवलं, आधी राहून दाखवायचं. स्वतःलाच. सगळे ऋतू एका जागी काढायचे आणि मगच तोंड उघडायचं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो. बाईंनी मला काढलं नाही. फावडं दिलं.

"वरची सगळी काळी माती खरवडून काढ. खालचा पिवळा मुरूम लागेपर्यंत."

"चांगली माती काढून टाकायची?"

"टाकायची नाही. काचघरात न्यायची. तिथल्यांना ती लागते."

किती दिवस खरवडत होतो विचारू नकोस. हाताची सालपटं निघाली. झारीकाका रोज येऊन बघायचे आणि म्हणायचे, "दान केलंस, आता परत मागून घे." थंडी पडली तसं आम्ही दोघांनी मुरमावर बी फेकलं आणि बाजूबाजूने उभं राहून पायाने दाबत दाबत पट्टाभर गेलो. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. त्यांना वाटलं असेल, ही दोन वेडी बिनगाण्याची नाचतायत.

त्यानंतरचं काम आयुष्यात मला सगळ्यात जड गेलं. काही करायचं नाही. गवताचं पातं दिसलं तर उपटायचं, बाकी हात मागे. मी नुसता त्या बाजूला वळलो तरी काका लांबून ओरडायचे, "ए, झारी खाली ठेव!" हातात झारी नसली तरी ओरडायचे. सवयच लागली त्यांना. मुरमावर बोटभर रोपं दिसली तेव्हा इतकी केविलवाणी होती की मला परत दया आली. बाईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी हात खिशात घातले.

आणि आता ही फुलं.

मला एक सांगायचंय ते नीट जमेल का माहीत नाही. आपल्याकडे सगळे मला रानटी म्हणायचे. याला कुठेही फेका, उगवून येईल. आणि तुझ्याबद्दल काय म्हणायचे, आठवतं? आई गेल्यावर आत्या दारात उभी राहून सगळ्यांना सांगत होती, "पोराचीच काळजी आहे हो, पोरीचं काही नाही, तिला काही लागत नाही." तू तेव्हा चूल पेटवत होतीस. मी ते ऐकलं आणि मला ते खरंच वाटलं. कालपर्यंत वाटत होतं.

पण मला कुठेही फेकलं तर मी कुठे उगवलो? वीटभट्टीवर सुकलो, हॉटेलात सुकलो, मासळीत सुकलो. इथे पहिल्यांदा कोणीतरी रोज सकाळी येऊन बोट खुपसून बघतं. "काल दुपारी कुठे होतास?" असं बाई विचारतात आणि मला राग येत नाही. काका माझ्या पोळीकडे बघून "एवढीच?" म्हणतात. मला सावली लागते, ताई. हसू नकोस. मी त्या काचघरातल्यांपैकी आहे.

आणि तू मुरमावर उभी आहेस, लहानपणापासून. कोणी खत घातलं नाही, कोणी पाणी विचारलं नाही, तरी असा कोट शिवलास की नाट्यगृहाच्या बाई हातात घेऊन धावत आल्या. तुला काही लागत नाही असं नाही. तुला मोकळी जागा लागते. आणि ती मी अडवून बसलोय, तिथे नसताना.

हे जरा जास्तच जुळून आल्यासारखं वाटतंय. तू काही झाड-फूल नाहीस, तुझी पाठ दुखते, तुला चहा दोनदा लागतो आणि तू चिडलीस की भांडी आपटतेस. तरी लिहिलंय ते खोडत नाही.

सोमवार, सकाळी

काल दिवा गेला आणि तसाच झोपलो. आता कामावर जायच्या आधी लिहून टाकतो.

मागच्या आठवड्यात बाईंनी मला काचघरात बोलावलं. म्हणाल्या, जायफळाचं झाड नर आहे की मादी ते फूल येईपर्यंत कोणालाच कळत नाही. फळ मादीलाच धरतं. फूल यायला सात वर्षं लागतात, कधी जास्तही. तोवर सगळ्या रोपांना सारखंच जपायचं, आणि वर्षावर्षाने डोक्यावरची सावली थोडी थोडी काढत जायची, नाहीतर ती नुसती उंच होतात आणि फुलत नाहीत. "ज्याने पेरली त्यानेच सांभाळली तर बरं," म्हणाल्या. "राहणार का?"

मी म्हटलं, "राहतो."

"बघू नाही ना?"

"नाही. राहतो."

आणि मग मी तिथेच वाट बघत उभा राहिलो, की आता पाय शिवशिवणार, दार कुठे आहे ते डोळे शोधणार. काहीच झालं नाही. उलट इतकं हलकं वाटलं की मी मोठ्याने हसलो आणि बाईंनी विचारलं, काय झालं. पाठीवरचं पोतं उतरवल्यावर पहिली चार पावलं कशी उडाल्यासारखी पडतात, तसं झालं होतं. अजून तसंच आहे.

परवा मामा येऊन गेले. त्यांच्या पोटात माझी गोष्ट राहिली, पण तुझी राहिली नाही. नाट्यगृहाच्या बाईंनी तुला पुन्हा विचारलंय. या महिन्याअखेर सांगा म्हणाल्या, त्यानंतर दुसरं कोणी बघतील. आणि तू त्यांना सांगितलंस, "भावाचं कळलं की सांगते." म्हणजे तो फोन घरमालकासाठी नव्हताच. मागची खोली, करार, सगळं विचारलंस, पण हे एक सोडून. मुद्द्याचं सोडून बाकी सगळं बोलायचं हे मी तुझ्याकडूनच शिकलो वाटतं.

तर भावाचं कळव त्यांना. भाऊ येत नाही. भाऊ इथे राहतोय, त्याला काम आहे.

मागची खोली ठेवू नकोस. पुढचीही नको. घरमालकाला करार करायचा नाही म्हणून सांग, आणि तो तोंड वाकडं करेल तर करू दे, त्याचं आधीच वाकडं आहे. माझ्या पेटीत सायकलची साखळी, एक फुटका टॉर्च आणि मला न होणारे बूट आहेत, कोणालाही देऊन टाक. आईची कात्री तेवढी तू ने. मी सुट्टीत येईन, तुझ्या नव्या ठिकाणी, आधी फोन करून, पाहुण्यासारखा. तू मला तिथले कपडे दाखव, राजाचा झगा वगैरे. मी हात न लावता बघेन, मला आता जमतं ते.

तुला भीती वाटेल. मला माहीत आहे, तू म्हणशील, हा आज लिहितोय आणि पुढच्या महिन्यात दारात उभा. मी काय लिहिलं म्हणजे तुला खरं वाटेल ते मला येत नाही. फक्त एवढं सांगतो, की एक अख्खं वर्ष मी हे पत्र लिहिलं नाही ते याचसाठी.

शनिवारी मामांचा ट्रक तिकडून रिकामा निघतोय. मी त्यांना तुझ्या दारात थांबायला सांगितलंय. मशीन, टेबल, पेट्या, सगळं मावेल. त्यांनी विचारलं, "माल कुठे उतरवायचा?" मी म्हटलं, ते ताई सांगेल.

काका हाका मारतायत, जातो. मला हो-नाही कळवायची घाई करू नकोस, आधी त्या बाईंना कळव. मग सावकाश, तिथे दिवा लावून बसलीस की, मला लिही. पत्ता पाकिटावर मागे आहे. तो बदलणार नाही.

मी आहे इथे, ताई. तू नीघ.

तुझा धाकटा